प्रथम वर्ष संपल्यावर: वर्षाचा आढावा आणि उन्हाळ्याचे नियोजन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यातील एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते आणि त्यांची पालक-शिक्षक म्हणूनही काम पाहते. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न पाठवतात, त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांना धरून आहेत. अभियांत्रिकीचे जेथे वेगळे आहे तेथे तसे सांगितले आहे. नियमांच्या बाबतीत विद्यापीठाचे परिपत्रक आणि महाविद्यालयाचा सूचनाफलक हेच अंतिम मानावेत.

१. परीक्षा संपली. आता हातात नेमके किती दिवस आहेत असे धरावे?

शेवटचा पेपर आणि दुसऱ्या वर्षाचा पहिला तास यांच्यामध्ये साधारण सहा ते आठ आठवडे असतात, पण ते सगळे कामाचे धरू नका. पन्नास दिवस मिळाले असे समजा. पहिले आठ दिवस झोप भरून काढण्यात जातात, आणि ते जाऊ द्यावेत. घरातले एखादे लग्न, गावची जत्रा, वर्षभर पुढे ढकललेले दाताचे दुखणे, निकालाच्या दिवसांतली बेचैनी आणि पुढच्या प्रवेशाची धावपळ यांत आणखी सोळा-सतरा दिवस सहज निघून जातात. उरतात पंचवीस दिवस, आणि उन्हाळ्यात सकाळचे तीन तास हेच खरे कामाचे. म्हणजे एकूण पंचाहत्तर तास. एवढ्या वेळात एक गोष्ट नीट होते, दोन कशाबशा होतात. मला मात्र दहा-दहा गोष्टींच्या याद्या येतात: जर्मन, गिटार, पायथन, व्यायामशाळा, स्पर्धा परीक्षा. त्या याद्या करणारी मुले जुलैत वर्गात येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा असतो, आणि तो पाहून मला वाईट वाटते, कारण त्यांची चूक आळसाची नसून हिशेबाची असते.

२. वर्षाचा आढावा घ्या असे तुम्ही सांगता, पण तो घ्यायचा कसा? मला रोजनिशी लिहिण्याची सवय नाही.

रोजनिशी नसली तरी वर्षभराचे पुरावे तुमच्याजवळच पडलेले असतात. वह्या, ग्रंथालयाच्या नोंदी, हजेरीचा तक्ता, मोबाइलमधील छायाचित्रे आणि यूपीआयचा हिशेब एवढे समोर घेऊन बसा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. परीक्षा नुकतीच झालेली असल्यामुळे शेवटचे तीन आठवडे सगळ्या वर्षावर पसरून बसलेले असतात.

वह्यांपासून सुरुवात करावी असे मी का म्हणते, ते सांगते. मागे एका विद्यार्थिनीने सूक्ष्म अर्थशास्त्राची वही माझ्यापुढे उघडली. पहिली बावीस पाने निळ्या शाईत, मथळे लाल, मागणीचा वक्र पट्टी धरून आखलेला. तेविसाव्या पानावर तारीख होती, पण मजकूर अर्ध्या वाक्यात तुटलेला. पुढे चार कोरी पाने, मागाहून उतरवून घेऊ म्हणून सोडलेली, आणि ती शेवटपर्यंत कोरीच राहिलेली. "मॅडम, मला हा विषयच झेपत नाही," असे ती म्हणाली. तारीख पाहिली तर गणेशोत्सवानंतरच्या आठवड्याची होती. ती गावाहून चार दिवस उशिरा परतली होती, मागणीच्या लवचिकतेचे दोन तास बुडाले होते, आणि पुढचे सत्रभर जे शिकवले गेले ते त्या दोन तासांवरच उभे होते. विषय झेपत नाही हे एक आणि दोन तास बुडाले हे वेगळे. आम्ही एका दुपारी ती चार पाने भरून काढली.

तेव्हा प्रत्येक विषयाची वही कोणत्या आठवड्यात तुटली ते पाहा आणि त्या आठवड्यात काय घडले होते ते आठवा. मग हिशेब पाहा: महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे संपत होते, आणि रात्री उशिराच्या खाण्यावर किती गेले. कोणत्या तासाला हजेरीची सक्ती नसती तरी बसला असता, हेही लिहा. वर्षभरात किती वेळा कोणाकडे मदत मागितली, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. बहुतेकांच्या कागदावर येथे शून्य किंवा एक असतो. हे सगळे हाताने, ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत, दोन पानांत लिहा. ही पाने कोणाला दाखवायची नाहीत, त्यामुळे ती सुंदर असण्याची गरज नाही.

३. निकाल अजून लागलेला नाही. त्याआधी आढावा घेण्यात अर्थ आहे का?

आधीच घ्यावा. एकदा आकडा समोर आला की आपण वर्षाची गोष्ट त्या आकड्याला जुळेल अशी सांगू लागतो. गुण चांगले पडले तर सगळे योग्यच होते असे वाटते, कमी पडले तर काहीच बरे घडले नाही असे. निकालानंतर त्याच दोन पानांच्या मागे चार ओळी वाढवाव्यात.

४. बारावीला ८५ टक्के होते आणि पहिल्या सत्रात एसजीपीए (सत्राची दहापैकी गुणांक-सरासरी) सहाच्या आसपास आला. मी चुकीच्या शाखेत आलो आहे का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. आधी हा आकडा कसा बनतो ते समजून घ्या. प्रत्येक विषयाच्या श्रेणीला दहापैकी गुणांक असतो, तो त्या विषयाच्या श्रेयांकांनी (क्रेडिट्सनी) गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. चार श्रेयांकांच्या विषयात ६ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ९ गुणांक मिळाले, तर २४ आणि १८ मिळून ४२, भागिले ६, म्हणजे ७. साधी सरासरी साडेसात आली असती. मोठ्या श्रेयांकांचा एखादा विषय घसरला की सगळा आकडा खाली येतो, हे यावरून लक्षात येईल.

मग गुणपत्रिकेत अंतर्गत आणि लेखी परीक्षेचे गुण वेगवेगळे वाचा. अंतर्गत गुण कमी असतील तर बहुधा चाचणी चुकलेली असते किंवा प्रकल्प उशिरा दिलेला असतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. अंतर्गत चांगले आणि लेखी कमी असेल तर मोठी उत्तरे लिहिण्याचा सराव कमी पडला आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. बारावीपर्यंत तुम्ही जो विचार मराठीत करत होता, तोच आता इंग्रजी पुस्तकातून उचलून इंग्रजीत मांडायचा आहे, आणि हे संक्रमण एका सत्रात पूर्ण होत नाही. माझ्या पाहण्यात अशा विद्यार्थ्यांचा खरा सूर तिसऱ्या सत्रात लागतो. तोवर इंग्रजी पाठ्यपुस्तकाशेजारी त्याच विषयाचे मराठी पुस्तक ठेवून वाचण्यात कमीपणा अजिबात नाही. शाखेबद्दलची शंका यानंतरही उरत असेल तर प्रश्न ७ आणि १५ पाहा.

५. एक-दोन विषय राहिले आहेत. सगळी सुट्टी त्यांनाच द्यावी का?

सगळी देऊ नये, पण पहिला हक्क त्यांचाच. किती विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, पुढच्या वर्षात जाता येते, हा नियम शाखेनुसार वेगळा असतो. मित्राच्या शाखेचा नियम आपल्याला लावू नका, परीक्षा विभागाच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. पहिल्या वर्षाचा राहिलेला विषय पुढे ढकलत गेलात तर तिसऱ्या वर्षी तो पदवीच्या आड येतो, आणि तेव्हा वर्गात शिकवलेले काहीही आठवत नसते. प्रश्न १ मधील पंचाहत्तर तासांपैकी निम्मे एका विषयाला पुरतात. मागच्या चार-पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावून उत्तरे लिहा, आणि त्यांतील दोन तरी शिक्षकांकडून तपासून घ्या. सुट्टीत शिक्षक भेटत नाहीत हा समज खरा नाही. प्रवेशाच्या आणि पेपर तपासणीच्या कामासाठी आमच्यापैकी बरेच जण मे-जूनमध्ये महाविद्यालयातच असतात.

६. अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले आहेत. पुनर्मूल्यांकन मागावे का?

आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा आणि ती विषयाच्या शिक्षकांना दाखवून मगच पुनर्मूल्यांकनाचे ठरवा. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, म्हणून निकालाच्या आठवड्यात गावी असाल तरी परिपत्रकावर लक्ष ठेवा. गुण वाढले नाहीत तरी प्रत मागवणे वाया जात नाही. आपण लिहिलेले उत्तर तीन महिन्यांनी परीक्षकाच्या नजरेने वाचणे, यासारखा दुसरा अभ्यास मी पाहिलेला नाही.

७. दुसऱ्या वर्षी मुख्य विषय कोणता घ्यावा, हे कसे ठरवू?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात कला आणि विज्ञान शाखांना पहिल्या वर्षी तीन विषय असतात, आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांतील एक मुख्य, एक गौण होतो आणि तिसरा सुटतो. या उन्हाळ्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच आहे, आणि दुर्दैवाने तो अनेक जण अर्ज भरण्याच्या रांगेत उभे राहून पुढच्याने काय लिहिले ते पाहून घेतात.

पहिल्या वर्षी कोणत्या विषयात गुण जास्त पडले, एवढ्यावर ठरवू नका. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम ओळखीपुरता असतो, विषयाचे खरे रूप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसते. मानसशास्त्र आवडते म्हणणाऱ्याला पुढे संख्याशास्त्र करावे लागते हे माहीत नसते; अर्थशास्त्रात गणित किती आहे, हे पाहून पुष्कळ जण चकित होतात. म्हणून एक प्रयोग करा. अप्पा बळवंत चौकात पहिल्या वर्षाची पुस्तके विका आणि त्याच पैशांत ज्या दोन विषयांमध्ये घोटाळा आहे त्यांचे तृतीय वर्षाचे एकेक जुने पुस्तक घ्या. प्रत्येकातील मधले एक प्रकरण तीन दुपारी वाचा. सगळे कळणार नाही, कळण्याची अपेक्षाही नाही. पण एका पुस्तकाचे न कळलेले पान तुम्ही पुन्हा उलटून पाहाल आणि दुसऱ्याचे पाहणार नाही. तो फरक खरा असतो.

मित्रमैत्रीण कोणता विषय घेते आहे किंवा कोणते शिक्षक चांगले आहेत, या कारणांना मी कमी लेखत नाही. पण शिक्षक बदलतात, आणि मैत्री वेगळ्या वर्गांतूनही टिकते.

८. सुट्टीत पुण्यातच राहावे की गावी जावे?

हा प्रश्न मला मराठवाड्यातून, खानदेशातून, नगर आणि सोलापूरकडून आलेली मुले विचारतात, आणि तो दिसतो तेवढा साधा नाही. बहुतेक वसतिगृहे सुट्टीत रिकामी करावी लागतात. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याला खोली सोडली तर जूनमध्ये पुन्हा शोधाशोध आणि नवी अनामत, न सोडली तर दोन महिन्यांचे भाडे फुकट. मेसचा खर्च वेगळा. घरी असताना मात्र अभ्यास होत नाही, पाहुणे येतात, आणि वडिलांबरोबर शेतावर किंवा दुकानात जावे लागते.

माझे मत असे की जमत असेल तर पहिले तीन आठवडे गावीच जावे. वर्षभर घरच्यांनी तुम्हाला फोनवरच पाहिले आहे. एका विद्यार्थ्याने मला सांगितले होते की तो घरी पोहोचला तेव्हा आईने त्याची पिशवी उघडून सगळे कपडे पुन्हा धुवायला टाकले, जे तो आदल्या दिवशी धुऊन, घडी घालून घेऊन गेला होता. त्याला आधी राग आला. मग त्याच्या लक्षात आले की आपण एकटे काय काय शिकलो आहोत, हे तिला अजून माहीतच नाही. गावी जाण्याचा हाही एक उपयोग आहे: तुमच्यात काय बदलले ते घरच्यांना दिसते आणि तुम्हालाही. शेताची किंवा दुकानाची कामे टाळू नका, पण सकाळचे तीन तास माझे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पहिल्या दिवशी सांगितलेले ऐकले जाते, दहाव्या दिवशी सांगितले तर भांडण होते.

खोलीच्या खर्चाने हैराण झालेल्यांनी याच सुट्टीत पुढच्या वर्षीच्या वसतिगृहाचे अर्ज पाहावेत. शासकीय वसतिगृहांखेरीज पुण्यात १९५५ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय माफक दरात करतात. त्यांच्या प्रवेशाच्या तारखा आधीच टिपून ठेवा.

९. पहिल्या वर्षानंतर इंटर्नशिप मिळते का?

मोठ्या कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत सहसा नाही. तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेतात, आणि ते योग्यही आहे. त्यामुळे मित्राच्या प्रोफाइलवर काही दिसले म्हणून आपण मागे पडलो असे समजू नका. जी 'इंटर्नशिप' देण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात, ती घेऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा एका ठिकाणी पैसे भरले; त्याला आठवडाभर ध्वनिचित्रफिती पाहायला सांगितल्या आणि शेवटी नावाचे स्पेलिंग चुकलेले प्रमाणपत्र पाठवले.

काम मिळते, ते वेगळ्या नावाने. जूनमध्ये शाळा सुरू होताना पाठ्यपुस्तकांच्या आणि वह्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते आणि तेथे जादा माणसे लागतात. करसल्लागारांच्या कार्यालयात विवरणपत्रांच्या हंगामात नोंदी करणारे हवे असतात. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने सहा आठवडे एखाद्या दुकानाची खतावणी सांभाळली तर दुसऱ्या वर्षाचे लेखाशास्त्र त्याला अर्धे आलेले असते. असे काम केलेत तर रोज रात्री चार ओळी लिहा: आज काय केले, काय चुकले, कोणी दुरुस्त केले. पुढे मुलाखतीत याच ओळी उपयोगी पडतात. काम श्रेयांकांसाठी करायचे असेल तर प्रश्न १४ आधी वाचा.

१०. 'कमवा आणि शिका' योजनेत मला काम मिळेल का?

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ही योजना विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालये चालवतात. गरजू विद्यार्थी महाविद्यालयातच ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बाग यांत तासांवर काम करतो आणि मानधन मिळवतो. अर्ज महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागात वर्ष सुरू होताना भरायचा असतो, आणि जागा मर्यादित असतात. म्हणून दुसरे वर्ष सुरू होण्याच्या आठवड्यातच तेथे जा. हे काम करायला लाजणाऱ्यांना मी एवढेच सांगते की आमच्या ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या मुलांना विषयाची पुस्तके इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत असतात.

११. कोणता ऑनलाइन कोर्स करू?

प्रश्न २ मधील दोन पानांत जी उणीव सापडली असेल, तिच्यावरचा एक. केंद्र शासनाच्या 'स्वयम' मंचावर अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क भरावे लागते. संगणकावर स्प्रेडशीट चालवणे आणि युनिकोड मराठी टंकलेखन ही दोन कौशल्ये कोणत्याही शाखेत उपयोगी पडतात आणि महिन्याभरात येतात. परदेशी भाषा शिकायची असेल तर फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे. भाषेचे अभ्यासक्रम मात्र सुट्टीत संपत नाहीत, वर्षभर चालतात, हे लक्षात घेऊनच नाव नोंदवा.

१२. एमपीएससी किंवा यूपीएससीची तयारी आत्तापासून सुरू करावी का?

अभ्यासिका आत्ता लावू नका. दोन्ही परीक्षांना पदवी लागते, आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. पेठांमधील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारी मुले मी पाहते, त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण पदवीच्या पहिल्या वर्षापासून तेथे बसणाऱ्याची पदवीही कच्ची राहते, आणि स्पर्धा परीक्षेत अपयश आले तर हातात दुसरे काही उरत नाही. आत्ता रोज एक वृत्तपत्र वाचा आणि आठवड्याला एका विषयावर तीनशे शब्द लिहा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे लिहिण्याचा हा सराव थेट उपयोगी आहे आणि पदवीच्या परीक्षेलाही तोच कामाला येतो.

१३. शिष्यवृत्ती आणि दाखल्यांसाठी सुट्टीत काय करून ठेवावे?

राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे आपोआप मिळते, असे नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती बहुधा ३१ मार्च असते, म्हणजे नवा दाखला लागतोच. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रांवर गर्दी उसळते; त्याआधी गेलात तर काम लवकर होते. नॉन-क्रिमी लेयर आणि जात पडताळणी राहिली असेल तर तीही याच फेरीत हाती घ्या. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. खाते जोडलेले आहे की नाही हे बँकेत विचारून खात्री करा. माझ्या वर्गातील एका मुलीचे पैसे दोन वर्षे एका बंद पडलेल्या खात्यामुळे अडकले होते.

मुलींसाठी महत्त्वाचे: शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ मिळतो. साध्या बी.ए. किंवा बी.कॉम.ला तो निर्णय लागू नाही, त्यासाठी इतर योजना पाहाव्या लागतात.

१४. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते असे ऐकले. ते घ्यावे का?

तशी तरतूद आहे. पहिल्या वर्षाचे ठरलेले श्रेयांक पूर्ण करून आणि त्यांवर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. श्रेयांक तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा असतात, म्हणून ते खाते उघडलेले आहे आणि त्यात नोंदी बरोबर आहेत, हे डिजिलॉकरमधून पाहून घ्या.

घरातील आजारपण, कर्ज किंवा अशीच एखादी अडचण आली असेल तर ही वाट चांगली आहे. पूर्वी अशा मुलांच्या हातात काहीच नसे. नुसता कंटाळा आला म्हणून मात्र ती धरू नये. जे बाहेर पडतात त्यांतले परत किती येतील याची मला काळजी वाटते, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण एकदा घरी बसलेल्या मुलीचे लग्न ठरायला वेळ लागत नाही.

१५. शाखा किंवा महाविद्यालय बदलता येईल का?

अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रिक्त जागांवर पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेनुसार शाखाबदल होतो; जागा थोड्या असतात. इतर शाखांत महाविद्यालय बदलायचे तर नव्या ठिकाणी जागा, जुन्याचा ना-हरकत दाखला आणि विषयांचा मेळ या तीन गोष्टी जुळाव्या लागतात; विद्यापीठच बदलणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. कलेतून विज्ञानात जाणे म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात. ती करण्याआधी प्रश्न ७ मधील पुस्तकाचा प्रयोग करून पाहा. महाविद्यालय बदलण्याचे कारण तेथे कोणी ओळखीचे झाले नाही, एवढेच असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

१६. वर्षभरात एकही जवळचा मित्र झाला नाही. सगळ्यांचे गट आहेत. माझेच काही चुकते का?

नाही. हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि तो पाठवणारे सगळे असेच समजतात की आपण एकटेच असे आहोत. पहिल्या वर्षी गट पटकन जमतात ते बहुधा एका शाळेतले, एका गावचे किंवा एका खोलीतले असतात. जे या तिन्हींत बसत नाहीत ते बाहेर राहतात. मैत्री गप्पांपेक्षा एकत्र काम केल्याने लवकर होते, म्हणून दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर असते, आणि दुसऱ्या वर्षी सुरू केले तरी पदवीच्या आत ते पूर्ण होते. त्याआधीही एक संधी आहे. बहुधा जूनमध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम करतात. अनेक महाविद्यालयांचे स्वयंसेवक तेव्हा पाणीवाटपाला आणि स्वच्छतेला उभे असतात. त्या दोन दिवसांत पहाटे पाचला शेजारी उभ्या असलेल्याशी ओळख करून घ्यावी लागत नाही, ती होते.

एकटेपणा जड होत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. घरातील एका माणसाला आजच सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो शासनाचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

१७. (पालकांकडून) मुलगा दिवसभर झोपतो आणि मोबाइल पाहतो. काय करावे?

पहिला आठवडा काहीही बोलू नये. त्यानंतर "दिवसभर काय करतोस?" असे विचारण्याऐवजी "वर्षभरात सगळ्यात अवघड काय गेलं?" असे विचारून पाहा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. घरातले एखादे खरे काम त्याच्यावर पूर्णपणे सोपवा, उदाहरणार्थ बहिणीच्या प्रवेशाची कागदपत्रे किंवा आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र कृपया करू नका. ती वाक्ये मुले मला वर्षभर सांगत असतात.

१८. आम्हाला सुट्टीच नाही: अभियांत्रिकीची परीक्षा लांबली आहे, किंवा मी नोकरी करून शिकतो. मग हे सगळे कसे करावे?

आढावा तरी करा. त्याला एक रविवार पुरतो. बाकीच्यांतले प्रश्न १३ मधील दाखले आणि राहिलेला विषय एवढेच धरा. नोकरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की त्यांच्याजवळ कामाचा अनुभव आधीच आहे. प्रश्न ९ मधील चार ओळी लिहायला त्यांनी लगेच सुरुवात करावी.

१९. आढावा घेतल्यावर असे दिसते की वर्ष खरोखरच वाया गेले. घरी कसे सांगू?

सर्वांत कठीण प्रश्न म्हणून शेवटी ठेवला आहे. असेही होते: हजेरी भरली नाही, परीक्षेचा अर्ज अडला, चार विषय राहिले आणि घरी सगळे ठीक आहे असेच सांगितले गेले. अशा वेळी निकालाची वाट पाहू नका. गुणपत्रिकेतून कळलेली बातमी आणि तुमच्या तोंडून कळलेली बातमी यांत घरच्यांच्या लेखी फार अंतर असते.

सांगण्याआधी दोन गोष्टी करा. महाविद्यालयात जाऊन आपली नेमकी स्थिती लेखी घ्या: किती विषय, पुढची परीक्षा कधी, दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो की नाही. मग एका कागदावर पुढच्या तीन महिन्यांत काय करणार आणि त्याला किती पैसे लागतील ते लिहा. हा कागद घेऊन आधी त्या माणसाकडे जा, जे रागावले तरी शेवटपर्यंत ऐकून घेतात. काही घरांत ती आई असते, काही घरांत आत्या किंवा मोठा दादा. त्यांना बरोबर घेऊन मग वडिलांशी बोला. कारणे विचारली तर खरी सांगा, त्यांत मित्राचे नाव पुढे करू नका. घरच्यांना महाविद्यालयात येऊन बोलायचे असेल तर त्यांना तुमच्या पालक-शिक्षकांकडे घेऊन या. अशा भेटीसाठी मी दुपारी तीननंतरची वेळ देते आणि विद्यार्थ्यालाही त्याच खोलीत बसवते, म्हणजे त्याच्या पाठीमागे काही बोलले गेले असे त्याला वाटत नाही.